सेवा म्हणू नका, काम म्हणा

आपल्याकडच्या रुग्णालयांत एक पद असतं. त्याची जाहिरात कधी निघत नाही. पगार नाही, ड्युटी चोवीस तासांची, अनुभवाची अट नाही. अ‍ॅडमिशनच्या काउंटरवर पहिल्या दोन मिनिटांत ते भरलं जातं. ‘पेशंटसोबत कोण आहे?’ असा प्रश्न येतो आणि जो कोणी ‘मी’ म्हणतो, तो रुजू होतो.

या पदाला धड नावही नाही. भिंतीवरच्या पाटीवर ‘नातेवाईक’ असतं, गळ्यातल्या पासवर ‘अटेंडंट’. घरात तर तेवढंही नाही, ‘आज आजीजवळ कोण झोपणार?’ इतकंच. आणि तो माणूस जे काही करतो त्या सगळ्याला मिळून आपण देवघरातला एक शब्द लावून ठेवलाय : सेवा.

माझं म्हणणं सरळ आहे. हा शब्द काही काळ बाजूला ठेवा. आजारी माणसाचं करणं हे काम आहे. कष्टाचं, कौशल्याचं, तासांत मोजता येईल असं काम. त्याला सेवा म्हटलं की ते शिकवावं लागत नाही, वाटून घ्यावं लागत नाही, त्यासाठी रजाही द्यावी लागत नाही. रुग्णालय, घर, कंपनी आणि सरकार, चौघांचीही सोय होते. गैरसोय होते ती करणाऱ्याची, आणि पुष्कळदा पेशंटची.

हे मी कुठून बोलतोय ते सांगतो. माझी आजी ७९ वर्षांची. मागच्या पावसाळ्यात ती बाथरूममध्ये घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. साताऱ्यातल्या एका खासगी रुग्णालयात तिचा अर्धा खुबा बदलला. मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. आधी दहा दिवस रजा टाकली, मग दीड महिना साताऱ्यातून ‘वर्क फ्रॉम होम’ केलं. करणारे मुख्यतः आम्ही दोघं, आई आणि मी. शनिवार-रविवारी पुण्याहून आत्या यायची. बाबा आणि काका होतेच. ते कुठे होते, त्यावर पुढे येतो.

वॉर्डातली न मोजलेली पाळी

सात दिवसांत आम्ही वॉर्डात काय काय केलं? चिठ्ठी घेऊन खालच्या मेडिकलमधून औषधं आणली. रक्ताच्या पिशवीसाठी रक्तपेढीत गेलो. सलाईन संपत आलं की सिस्टरना हाक मारली. बेडपॅन लावला, काढला, धुतला. दर दोन तासांनी कूस बदलली. भरवलं. अंग पुसलं. युरिनच्या पिशवीत किती जमा झालं ते वहीत लिहिलं. विम्याच्या माणसाने मागितलेली तीच कागदपत्रं तीनदा झेरॉक्स करून दिली.

यातली निम्मी कामं नर्सिंगची आहेत. ती नातेवाइकांकडे का येतात? कारण हात कमी आहेत. भारतीय परिचर्या परिषदेचा निकष साध्या वॉर्डासाठी असा आहे : शिकवण्याच्या रुग्णालयांत दर ३ रुग्णांमागे १ परिचारिका, इतर रुग्णालयांत दर ५ रुग्णांमागे १. आमच्या मजल्यावर रात्री वीसेक खाटा होत्या आणि सिस्टर दोन. त्या दोघी रात्रभर धावत होत्या. मला त्यांच्याबद्दल काडीची तक्रार नाही. प्रश्न त्यांच्या कष्टांचा नाही, गणिताचा आहे. वीस खाटांना दोन सिस्टर पुरतात, कारण प्रत्येक खाटेशेजारी फुकटचा एक माणूस खुर्चीवर बसलेला आहे हे गृहीत धरलेलं असतं. बिलावर ‘नर्सिंग चार्जेस’ ही ओळ मात्र रोजची असते.

नातेवाइकांनी जवळ राहूच नये, असं मी म्हणत नाही. दुसऱ्या रात्री आजी एकदम बदलली. कधीच वारलेल्या भावाशी बोलायला लागली, सलाईनची नळी उपटायला लागली, मला ओळखेना. भेटायला आलेल्या एका बाईंनी ‘बाहेरचं काहीतरी असेल’ असं सुचवूनही टाकलं. पहाटे तीनला सिस्टरने दोन वाक्यांत सांगितलं : म्हाताऱ्या माणसांना ऑपरेशननंतर असं होतं, याला डिलिरियम म्हणतात, चष्मा लावा, दिवसा पडदे उघडे ठेवा, ओळखीचं माणूस समोर राहू द्या. आईने चष्मा लावला, हात धरला, गावातल्या गोष्टी सांगत बसली. तीन दिवसांत आजी बरीचशी ताळ्यावर आली. अशा वेळी घरच्या माणसाची जागा कोणतंही यंत्र घेणार नाही. पण मग ती दोन वाक्यं ऑपरेशनच्या आधीच सांगायला काय हरकत होती?

चार मिनिटांचा हँडओव्हर

माझ्या धंद्यात एक टीम दुसऱ्या टीमकडे सिस्टिम सोपवते तेव्हा हँडओव्हर होतो. कोणता अलार्म वाजला तर त्याचा अर्थ काय, आधी काय तपासायचं, रात्री तीनला कोणाला फोन लावायचा, हे सगळं लिहून द्यावं लागतं. नवी टीम काही दिवस जुनीच्या शेजारी बसून शिकते. हे सगळं कशासाठी, तर ऑनलाइन खरेदीच्या पानावरचं एक बटण बंद पडू नये म्हणून.

आजीचा डिस्चार्ज सकाळी अकराला ठरला आणि संध्याकाळी पाचला झाला. विमा नियामकाने २०२४ साली नियम केला की डिस्चार्जची विनंती आल्यावर विमा कंपनीने तीन तासांत अंतिम मंजुरी द्यावी. चांगलंच आहे. पैशांच्या हँडओव्हरला निदान एक मुदत तरी आहे. माणसाच्या हँडओव्हरला काय आहे? आमच्या वाट्याला त्या सहा तासांतली चार मिनिटं आली. ‘गोळ्या लिहून दिल्यात, टाके काढायला या, पडू देऊ नका.’

हातात चार पानी इंग्रजी डिस्चार्ज समरी. त्यात बीडी, टीडीएस, एचएस, एसओएस. म्हणजे दिवसातून दोनदा, तीनदा, झोपताना, गरज लागली तर. मी इंजिनिअर असून मला हे शोधून वाचावं लागलं. औषध देणार होती माझी आई, जी मराठी पुस्तकं वाचते आणि इंग्रजी अक्षरं जुळवत जुळवत वाचते. ‘दिवसातून दोनदा’ हे दोन शब्द मराठीत लिहायला किती खर्च येतो?

आणि त्या चार पानांत काय नव्हतं, ते बघा.

नव्या खुब्याच्या माणसाने कमरेत काटकोनापेक्षा जास्त वाकायचं नाही, पायावर पाय टाकायचा नाही, नाहीतर सांधा निखळू शकतो. म्हणजे मांडी नाही, पाट नाही, देशी संडास नाही, खोल सोफाही नाही. उंच कमोड चेअर घरी पोहोचायच्या आधी आणून ठेवावी लागते. आम्हाला हे दारात रिक्षा थांबल्यावर कळलं, तेही फिजिओथेरपीच्या मुलाला फोन केला म्हणून.

रक्त गोठू नये म्हणून पोटाच्या कातडीखाली रोज एक इंजेक्शन होतं. कातडी चिमटीत धरायची, बेंबीपासून तीन-चार बोटं लांब टोचायचं, नंतर चोळायचं नाही. आमच्या त्या भरून आलेल्या सुईतला हवेचा बुडबुडा काढायचा नव्हता. सिनेमात डॉक्टर हमखास तो उडवताना दिसतो, त्यामुळे कोणीही आधी तेच करायला जाईल.

आडव्या माणसाच्या टाचा आणि माकडहाड रोज बघायचं. लाल डाग दिसला तर बोटाने दाबायचा. दाबल्यावर पांढरा पडला नाही, तर तिथे बेडसोअरची सुरुवात आहे. आणि कोणत्या चिन्हांवर सकाळची वाट न बघता निघायचं? पोटरी सुजून दुखली, अचानक धाप लागली, जखमेतून पू आला, पाय एकाएकी आखूड किंवा वळलेला दिसला.

यातली एकही गोष्ट अवघड नाही. सगळं अर्ध्या तासात शिकवून होतं. आम्हाला ते शिकवलं वॉर्डातल्या मावशींनी. चादर अंगाखाली आडवी घालून दोघांनी मिळून माणसाला कसं फिरवायचं, म्हणजे आपली कंबर धरत नाही, हे त्यांनी करून दाखवलं. त्यांच्या कामाच्या यादीत ‘शिकवणं’ नसणार, आणि त्यासाठी त्यांना एक रुपयाही जास्त मिळत नसणार.

हे जमण्यासारखं आहे याला आपल्याच देशात उदाहरण आहे. २०१४ साली सुरू झालेली नूरा हेल्थ ही संस्था हेच करते. पेशंट वॉर्डात असतानाच घरच्यांना एकत्र बसवायचं, घरी गेल्यावर काय करायचं आणि कशावर लक्ष ठेवायचं ते त्यांच्या भाषेत शिकवायचं. अनेक सरकारी रुग्णालयांत त्यांचे वर्ग चालतात. गर्दीच्या सरकारी वॉर्डात हे होऊ शकत असेल, तर लाखोंचं बिल करणाऱ्या खासगी रुग्णालयाला कारण द्यायला जागा नाही.

काउंटर आणि बेडपॅन

आता घराकडे येऊ, कारण सगळं खापर रुग्णालयावर फोडून मोकळं होणं सोपं आहे.

आमच्याकडे कामाची वाटणी न बोलता झाली, बहुतेक तुमच्याकडेही होते. पुरुषांच्या वाट्याला काउंटर, बायकांच्या वाट्याला बेडपॅन. बाबा पैसे भरत, डॉक्टरांशी बोलत, विम्याच्या माणसाशी भांडत. काका रोज दोनदा फोन करून ‘काही लागलं तर सांगा’ म्हणत. या वाक्याची एक गंमत आहे. काय लागतंय हे शोधायचं कामही ते समोरच्यावरच टाकतं.

मी बेडपॅन उचलत होतो, डायपर बदलत होतो. तर काय झालं? शेजारच्या खाटेवरच्या आजींनी मला आशीर्वाद दिले. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाने ‘असा नातू मिळायला भाग्य लागतं’ म्हटलं. व्हॉट्सअ‍ॅपवर माझे कौतुकसोहळे झाले. माझी आई तेच काम माझ्या दुप्पट तास करत होती. तिला एकाही माणसाने एक शब्द म्हटला नाही. उलट, एक दिवस ती दुपारी घरी जाऊन दोन तास झोपली, तर ‘सूनबाई दिसत नाहीत आज?’ अशी चौकशी झाली.

तेच काम मी केलं की संस्कार, आणि तिने केलं की कर्तव्य. सेवा हा शब्द कसा चालतो ते इथे दिसतं. पुरुषाला तो पदक म्हणून मिळतो, बाईला तो नेमून दिलेला असतो.

हे फक्त आमच्या घरचं नाही. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात १५ ते ५९ वयोगटातल्या ४१ टक्के बायकांनी दिवसातला काही वेळ घरातल्यांची देखभाल करण्यात घालवला. पुरुषांत हे प्रमाण २१.४ टक्के. आणि जे करतात त्यांच्यातही बायकांचा वेळ दिवसाला सुमारे १४० मिनिटं, पुरुषांचा ७४. यात मुलांचं आणि वडीलधाऱ्यांचं, दोन्ही करणं आलं. म्हणजे आधी निम्मेच पुरुष उठतात, आणि उठलेले निम्माच वेळ थांबतात.

कायद्यात नातू, घरात सून

आता सरकार आणि कंपनी. २००७ चा एक केंद्रीय कायदा आहे, आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा. त्यानुसार ज्येष्ठ नागरिकाला टाकून देणाऱ्या जबाबदार माणसाला तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. या कायद्यात ‘अपत्य’ म्हणजे कोण? मुलगा, मुलगी, नातू, नात. या व्याख्येत सून नाही. कायद्याच्या कागदावर आजीची जबाबदारी बाबांवर, काकांवर, आत्यावर आणि माझ्यावर. घरात ती पडली आईवर.

बरं, कायद्याने माझ्यावर जबाबदारी टाकली. ती पार पाडायला मला काय दिलं? महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात वर्षाला ८ किरकोळ रजा आहेत, शिवाय कामाच्या दिवसांवर साठणारी भरपगारी रजा. मुलाच्या जन्मासाठी २६ आठवड्यांची प्रसूती रजा आहे, आणि ती हवीच. पण मोडलेल्या खुब्याच्या माणसाला उभं करण्यासाठी म्हणून वेगळी अशी एकही रजा नाही. कर्मचारी राज्य विमा योजनेत, म्हणजे महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्यांना, स्वतः आजारी पडल्यास वर्षात ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के वेतन मिळतं. अवलंबून असलेल्या आई-वडिलांवर उपचारही होतात. पण त्यांच्या खाटेशेजारी बसल्यामुळे बुडणाऱ्या पगाराचं काय? त्याचा हिशोब नाही. माझ्याकडे निदान लॅपटॉप होता. वाळूजच्या कारखान्यात कंत्राटावर असलेल्या मुलाने काय करायचं? तो खाडा करतो, किंवा बायकोची नोकरी सोडवतो.

जपानमध्ये काळजी घ्यावी लागणाऱ्या प्रत्येक नातेवाइकामागे एकूण ९३ दिवसांची रजा मिळते. ती तीन तुकड्यांत घेता येते, आणि रोजगार विम्यातून पगाराच्या ६७ टक्के रक्कम मिळते. नातेवाइकांच्या त्या यादीत आजी-आजोबा आहेत आणि जोडीदाराचे आई-वडीलही आहेत. ब्रिटनने एप्रिल २०२४ पासून वर्षाला एक आठवडा दिला, बिनपगारी का होईना. वडीलधाऱ्यांचा मान राखण्याबद्दल भाषणं आपण जास्त करतो. रजा त्यांनी दिली.

आणि ‘वर्क फ्रॉम होम आहे ना?’ हे कृपया कोणी ऐकवू नका. मीटिंगमध्ये म्यूट करून बेडपॅन लावणं ही सवलत नाही. त्या दीड महिन्यात मी दोन नोकऱ्या केल्या, त्यातल्या एकीचाच पगार मिळाला. आईने एकच केली, तिला कशाचाच मिळाला नाही.

‘प्रेमाचा हिशोब मांडायचा का?’

हा आक्षेप येणार, म्हणून आधीच बोलतो. हो, मांडायचा. माझं आजीवर प्रेम आहे म्हणून मला इंजेक्शन टोचता येत नाही, ते शिकावं लागतं. आईचं आजीवर प्रेम आहे म्हणून तिला झोप कमी लागत नाही. रात्री चारदा उठलेलं माणूस सकाळी चिडतं, औषधाच्या वेळा विसरतं, आजाऱ्यावर खेकसतं, मग स्वतःच रडतं. प्रेम टिकवायचं असेल तर पाळी बदलणारं माणूस लागतं.

दुसरा आक्षेप : ‘ब्यूरोची बाई ठेवा की.’ ज्यांना परवडतं त्यांनी जरूर ठेवावी. पण त्या बाईकडे बघा. बारा तासांची ड्युटी, पुष्कळदा कोणतंही प्रशिक्षण नाही, पगारातून ब्यूरोचा वाटा कापलेला. तिची स्वतःची सासू पडली तर तिला कोण रजा देतं? घरातल्या बाईचं काम आपण काम मानत नाही, म्हणूनच तेच काम करणाऱ्या बाहेरच्या बाईला द्यायचे पैसेही आपल्याला जड वाटतात.

मग करायचं काय

सरकारकडे मागणी एक : आजारी कुटुंबीयाच्या देखभालीसाठी भरपगारी रजा, ज्यात सासू-सासरे आणि आजी-आजोबा येतात. नोकरी करणाऱ्या पुरुषाला ती घेता येईल, तेव्हाच ती घरात बसलेल्या बाईच्या उपयोगाची.

रुग्णालयाकडे मागणी एक : डिस्चार्जआधी घरच्या दोन माणसांना अर्ध्या तासाचं प्रात्यक्षिक, आणि मराठीत एक पान. औषधं कधी, काय टाळायचं, कशावर लगेच परत यायचं, रात्री कोणता नंबर लावायचा.

पण हे होईपर्यंत तुमच्या घरात कोणीतरी पडणार आहे, म्हणून तुमच्यासाठीही. सही करून बाहेर पडायच्या आधी सिस्टरना सांगा, ‘करून दाखवा.’ मग त्यांच्यासमोर तुम्ही करा. परवानगी घेऊन मोबाइलवर व्हिडिओ काढा. कंपनीत तुमचा मॅनेजर चांगला असेल तर त्याच्या चांगुलपणावर भागवू नका, एचआरला लेखी विचारा की देखभालीची रजा धोरणात का नाही. दहा जणांनी विचारलं तर निदान उत्तर द्यावं लागतं. आणि घरात ड्युटीचा तक्ता लावा, नावानिशी, तासांसकट. ‘काही लागलं तर सांगा’ म्हणणाऱ्याला वार आणि वेळ सांगा.

आजी आता वॉकर घेऊन अंगणापर्यंत जाते आणि फुलं तोडण्यावरून शेजारच्या मुलांशी भांडते. पुढच्या महिन्यात पुण्यात आत्याच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया आहे. मी एक शीट बनवून घरच्या ग्रुपवर टाकली आहे. आईच्या नावापुढे दोन दुपारी आहेत, एकही रात्र नाही. माझ्या नावापुढे तीन रात्री. बाबांनी, जरा कुरकुरत, शनिवार-रविवार घेतलाय, आणि बेडपॅन कसा लावतात ते मला विचारूनही घेतलंय. काकांच्या नावापुढे मी मंगळवार आणि शुक्रवारची रात्र लिहिली आहे. त्यांचा मेसेज आला, ‘अरे, मला ऑफिस असतं.’ मी लिहिलं, ‘हो काका, मलाही असतं.’ अजून उत्तर आलेलं नाही. त्यांच्या रात्री मी शीटवरून काढलेल्या नाहीत.